ड्रायरच्या तोंडाशी

हेअर ड्रायर घेताना गिऱ्हाईक वॉट बघतं. 1200, 1600, 2000. आकडा मोठा तर यंत्र दमदार, असा सरळ हिशेब. खोक्यात सोबत आलेलं चपट्या तोंडाचं नोझल आणि बोटं-बोटं असलेली ती वाटी बहुतेक घरांत आठवडाभरात कपाटाच्या खणात जाऊन पडते. पार्लरमध्ये मात्र नोझलशिवाय कोणी ब्लो-ड्रायला हात घालत नाही. दिवसभर हेच काम करणाऱ्या बाईला एक गोष्ट अनुभवाने कळलेली असते: गरम हवा कोणताही ड्रायर देतो, पण ती कुठे, किती वेगाने आणि किती तापून पोचणार, हे शेवटच्या पाच-सात सेंटिमीटरवर ठरतं.

हे पाच-सात सेंटिमीटर म्हणजे थोडंसं प्लास्टिक. आत मोटर नाही, कॉइल नाही, वायर नाही. तरीही ते नीट घडवायचं तर वायुगतिकी, उष्णता, प्लास्टिकचा स्वभाव आणि मोल्ड बनवण्याची कारागिरी या चारही गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. हे सगळं एकत्र समजून घ्यायला पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यासारखी जागा नाही. हेअर ड्रायरसाठी हा भाग प्रसिद्ध नाही. जगातले बहुतेक ड्रायर चीनमध्ये बनतात. पण ड्रायरच्या तोंडाला लागणारी एकूण एक विद्या इथे गाड्यांच्या निमित्ताने रुजली आहे.

केस वाळतो म्हणजे काय होतं

ओल्या केसांत पाणी दोन जागी असतं. एक केसांच्या मधल्या फटींत नुसतं अडकलेलं. टॉवेलने टिपलं की त्यातलं बरंचसं जातं. दुसरं केसाच्या आत मुरलेलं. केस ज्या केराटिनचा बनलेला असतो, ते प्रथिन स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के पाणी धरू शकतं. आत शिरलेलं पाणी केराटिनच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सोडवतं. पाणी निघून गेलं की ते बंध पुन्हा जुळतात आणि त्या वेळी केस ज्या आकारात ताणून धरला असेल, तो आकार तात्पुरता पक्का होतो. सेट केलेले केस पावसाळी हवेत दोन-चार तासांत मूळपदावर येतात, त्याचं कारणही हेच. हवेतला ओलावा बंध पुन्हा सैल करतो.

आता थोडा हिशेब. टॉवेलने पुसलेल्या लांब केसांत समजा 50 ग्रॅम पाणी उरलं आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे एकूण 120 किलोज्यूल. 1200 वॉटचा ड्रायर एवढी उष्णता 100 सेकंदांत देतो. प्रत्यक्षात तेवढेच केस वाळायला आठ-दहा मिनिटं सहज जातात. मग उरलेली उष्णता कुठे गेली? खोलीत. हवेचा मोठा झोत केसांना वळसा घालून, डोक्यावरून, खांद्यावरून निघून जातो. ही गळती थांबवणं हे ड्रायरच्या तोंडाचं पहिलं काम आहे.

वाफ होण्याचा वेग तीन गोष्टींवर ठरतो. हवा किती गरम, किती कोरडी आणि किती वेगवान. जुलैत चाकणला बाहेर 25 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असताना दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. तीच हवा ड्रायरमध्ये 65 अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता 11-12 टक्क्यांवर येते. त्यातलं पाणी तेवढंच असतं, पण आणखी पाणी सामावून घ्यायची ताकद कितीतरी वाढते. तिसरी गोष्ट वेगाची. केसाला लगटून ओलसर हवेचा एक पातळ थर बसलेला असतो. तो हटल्याशिवाय आतलं पाणी बाहेर यायला जागा नसते, आणि तो हटवतो वेग. म्हणूनच ड्रायरचं तोंड लहान करून वेग वाढवण्याचा मोह होतो.

पण वेगाच्या मागे ताप लागलेला असतो. 2011 साली 'अ‍ॅनल्स ऑफ डर्मेटॉलॉजी' या नियतकालिकात कोरियातल्या संशोधकांनी केसांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ड्रायर 15 सेंटिमीटरवर धरला तेव्हा केसाशी तापमान 47 अंश भरलं, 10 सेंटिमीटरवर 61 अंश आणि 5 सेंटिमीटरवर 95 अंश. तापमान चढत गेलं तसं केसाच्या वरच्या खवल्यांचं नुकसान वाढत गेलं. त्याच प्रयोगातली दुसरी नोंद अधिक विचार करायला लावणारी होती. ड्रायर न लावता बराच वेळ ओल्याच राहिलेल्या केसांत आतल्या पेशींना जोडणारा थर बिघडलेला दिसला. 15 सेंटिमीटर अंतर ठेवून ड्रायर सतत हलता ठेवला, तर नुकसान नैसर्गिक वाळवणीपेक्षा कमी, असा त्यांचा निष्कर्ष होता. थोडक्यात, केसाला मध्यम उष्णता आणि भरपूर वाहती हवा हवी असते. नोझल या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलतं, आणि अनेकदा चुकीच्या दिशेने.

नोझल लावलं की यंत्रच बदलतं

ड्रायरच्या नळीचं तोंड 45 मिलिमीटर व्यासाचं आहे आणि पंखा सेकंदाला 17 लिटर हवा ओढतो, असं धरू. पुण्यात 30 अंशांच्या दिवशी ही हवा 1200 वॉटच्या कॉइलवरून जाताना जवळपास 64 अंशांनी तापते आणि 94 अंशांवर बाहेर पडते. तापल्यामुळे ती फुगलेलीही असते, त्यामुळे तोंडाशी वेग भरतो सेकंदाला 13 मीटर.

आता पुढे 60 मिलिमीटर रुंद आणि 10 मिलिमीटर उंच फटीचं नोझल बसवा. बाहेर पडायची वाट 1590 चौरस मिलिमीटरवरून 600 वर आली. ड्रायरच्या छोट्या पंख्यात दाबाला तोंड द्यायची ताकद बेताची असते. पुढे अडथळा आला की तो हवा कमी ढकलतो. समजा 17 चे 13 लिटर झाले. कॉइलला यातलं काही कळत नाही. ती ठरलेले 1200 वॉट ओततच राहते. परिणामी हवा 64 ऐवजी 84 अंशांनी तापते आणि 114 अंशांवर बाहेर येते. वेग मात्र 13 वरून 28 मीटरवर जातो. म्हणजे तासाला सुमारे 100 किलोमीटर.

ड्रायर तोच, वॉट तेच, बटण त्याच खुणेवर. एका प्लास्टिकच्या तुकड्याने झोताचा वेग दुप्पट केला, हवा पाव हिश्श्याने कमी केली आणि तापमान 20 अंशांनी चढवलं. फट आणखी अरुंद केली तर वेगाचा फायदा लवकरच संपतो, कारण पंखा दमतो; ताप मात्र चढतच राहतो. शेवटी कॉइलशेजारची द्विधातूची पट्टी वाकते आणि वीज तोडते. पार्लरमध्ये ड्रायर मध्येच बंद पडून थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो, तेव्हा बहुतेक वेळा मागची जाळी केसांनी तुंबलेली असते किंवा पुढचं नोझल त्या यंत्राचं नसतं. दुसऱ्या कंपनीचं नोझल 'बसतंय ना, मग लाव' म्हणून वापरण्यात खरा धोका हा आहे.

यात जागेचाही थोडा हात असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे आणि इथली हवा मुंबईपेक्षा साधारण सहा टक्क्यांनी विरळ. पंखा लिटरमध्ये हवा मोजतो, पण उष्णता वाहून नेते ती किलोग्रॅममधली हवा. वरच्याच हिशेबात मुंबईत हवा 60 अंशांनी तापली असती. इथे 64 अंशांनी. समुद्रकाठच्या कारखान्यात काठावर पास झालेलं नोझल दख्खनच्या पठारावर चार अंश जास्त गरम चालतं.

काचेवरचं धुकं आणि केसांवरचा झोत

गोल नळीतून आलेली हवा लांबट अरुंद फटीतून सगळीकडे सारखी सोडायची, हा प्रश्न चाकणला नवा नाही. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवडला आधी टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो लहान कारखान्यांनी आकार दिला. चाकणची भरभराट त्यानंतरची. तिथे बजाजचा कारखाना 1999 मध्ये सुरू झाला, फोक्सवॅगनचा 2009 मध्ये. गाड्यांपाठोपाठ गाड्यांतली वातानुकूलन यंत्रणा बनवणारेही आले; सुब्रोस आणि बेअर (पुढे माले) ही त्यांतली मोठी नावं.

गाडीच्या डॅशबोर्डखाली एक ब्लोअर असतो. त्याची हवा पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या लांबलचक पट्टीतून काचेवर सोडायची असते, म्हणजे पावसात साचलेलं धुकं जाईल. डक्टला नुसतं पसरट तोंड दिलं, तर हवा मधूनच सुसाट निघते आणि काचेचे दोन्ही कोपरे धुक्यातच राहतात. म्हणून डक्टच्या आत पात्या बसवतात, वळणं सौम्य ठेवतात, जिथे हवा कमी पोचते तिथली वाट रुंद करतात. हे सगळं आधी संगणकावर हवेचं अनुकरण करून पाहतात आणि मगच प्लास्टिकमध्ये ओततात.

ड्रायरचं नोझल हा याच प्रश्नाचा छोटा भाऊ. त्यात भर म्हणजे पंख्याची पाती हवेला फिरकी देतात. फिरकी न काढता हवा चपट्या फटीत घातली, तर ती फटीच्या एका टोकाला वर आणि दुसऱ्या टोकाला खाली झुकून बाहेर पडते. हातातला ड्रायर सरळ धरूनही झोत तिरका येतो. शिवाय कॉइलची वेटोळी जिथे दाट असतात त्या बाजूची हवा जास्त गरम असते. फटीच्या एका टोकाला 100 अंश आणि दुसऱ्याला 125 अंश, असा प्रकार झाला तर सरासरी तापमान कितीही चांगलं असलं तरी एका बाजूचे केस होरपळतात. त्यामुळे नोझलच्या मुळाशी दोन-तीन सरळ पात्या ठेवून फिरकी मोडतात आणि आकुंचन हळूहळू करतात, म्हणजे हवेला मिसळायला थोडी लांबी मिळते.

आवाजाचाही विचार लागतो. पात्यांच्या आणि फटीच्या कडांवर घासून निघणाऱ्या हवेचा आवाज ढोबळमानाने वेगाच्या सहाव्या घाताने वाढतो. 13 चे 28 मीटर म्हणजे वेग सव्वादोन पटीच्या आतच, पण आवाजाची शक्ती सुमारे 100 पट, म्हणजे 20 डेसिबलची भर. आणि एखादी कड धारदार राहिली तर साध्या आवाजाऐवजी शिट्टी. गाडीच्या व्हेंटमधली शिट्टी शोधत बसणाऱ्या चाकणच्या इंजिनिअरला ही डोकेदुखी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

वाटीचा हिशेब

कुरळ्या केसांना वेगवान झोत चालत नाही. लटा विस्कटतात, केस पिंजारतात. तिथे लागतो डिफ्यूझर: तीच उष्णता, पण मोठ्या क्षेत्रावर संथपणे. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून शेक देण्याची रीत ज्यांनी घरात पाहिली आहे, त्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल. निखारे एकाच जागी असतात. मधलं अंतर आणि बाजेची वीण मिळून ती ऊब अंगभर पसरवतात. अंतर आणि वीण, हीच डिफ्यूझरची दोन साधनं आहेत.

45 मिलिमीटरच्या नळीतली हवा 140 मिलिमीटरच्या वाटीत सारखी पसरली तर क्षेत्रफळ जवळपास 10 पट होतं आणि वेग 13 मीटरवरून 1.3 वर येतो. पण हवा अशी आपखुशीने पसरत नाही. फुगत जाणाऱ्या नळीच्या भिंतीचा कोन दोन्ही बाजूंना सुमारे सात अंशांहून जास्त झाला, तर हवा भिंत सोडते आणि मधूनच सरळ झोत काढून निघून जाते. कडेला नुसते भोवरे फिरत राहतात. सात अंशांची मर्यादा पाळून 45 चे 140 करायचे तर वाटीची लांबी भरेल सुमारे 39 सेंटिमीटर. असा डिफ्यूझर लावून कोणी आरशासमोर उभं राहणार नाही.

म्हणून वाटीच्या मध्यभागी झोतासमोर एक तबकडी आडवी घालतात. हवा तिच्यावर आपटून कडेला वळते, वाटीच्या पोकळीत दाब सारखा होतो आणि मग जाळीच्या भोकांतून बाहेर पडते. इथे पुन्हा तोच जुना प्रश्न येतो: भोकं किती? वाट नळीएवढीच मोकळी ठेवायची तर 5 मिलिमीटर व्यासाची 81 भोकं लागतात. पण धारदार कडेच्या भोकातून जाताना हवेचा झोत आकसतो आणि भोकाच्या क्षेत्रफळाचा जेमतेम 60-62 टक्के भागच कामी येतो. म्हणजे 130 च्या आसपास भोकं हवीत. दिसायला छान म्हणून 60 भोकांवर थांबलेला डिफ्यूझर पंख्याचा गळा दाबतो. बाहेर हवा मंद येते म्हणून हाताला सौम्य वाटतो, आत कॉइल मात्र लाल होत असते.

वाटीवरची बोटं शोभेची नसतात. ती केसांत शिरून मुळांपर्यंत वाट करून देतात आणि वाटी टाळूपासून ठरावीक अंतरावर रोखतात. बोटं पोकळ ठेवून त्यांच्या बाजूला भोकं दिली तर हवा थेट मुळांशी पोचते. टोकाला भोक दिलं तर टाळू भाजते.

मोल्डवाल्याचा प्रश्न

आतापर्यंतचं सगळं कागदावर आणि संगणकावर होतं. आता ड्रॉइंग पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरीतल्या एखाद्या टूल रूममध्ये जातं. व्हीएमसी यंत्रांचा आवाज, कोपऱ्यात स्पार्क यंत्राच्या टाकीतलं तेल, टेबलावर कोर आणि कॅव्हिटीचे पोलादी ठोकळे. मोल्डवाला ड्रॉइंग बघून हवेबद्दल काही विचारत नाही. तो विचारतो, "कोर कुठून काढायचा?"

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. नोझल आरपार पोकळ असतं. आतली पोकळी घडवायला पोलादी कोर लागतो आणि प्लास्टिक थिजल्यावर तो ओढून बाहेर काढावा लागतो. कोर निघायचा तर ज्या बाजूने काढायचा त्या बाजूला तो जाड आणि आत बारीक होत गेलेला हवा. भिंतींना अर्धा-एक अंश ड्राफ्ट, म्हणजे उतार, हवा. आपल्या नोझलचं गोल तोंड 45 मिलिमीटरचं आणि फट 60 बाय 10 ची. गोल बाजूने कोर ओढला तर फटीकडची 60 मिलिमीटरची रुंदी 45 मध्ये अडकते. फटीकडून ओढला तर गोल बाजूची 45 मिलिमीटरची उंची 10 मध्ये अडकते. एका बाजूला आकार रुंदावतो, दुसऱ्या बाजूला चेपतो. सरळ ओढायच्या एका कोरने हा आकार निघूच शकत नाही.

मग तीन वाटा उरतात. पहिली, फटीची रुंदी नळीपेक्षा कमी ठेवायची. मोल्ड सोपा आणि स्वस्त. झोत मात्र अरुंद, आणि तेवढीच जागा मोकळी ठेवायची तर फट उंच करावी लागते. दुसरी, दोन्ही बाजूंनी दोन कोर घालून ते आत वक्र सांध्यावर भिडवायचे. आकार हवा तसा मिळतो, पण जिथे दोन कोर भिडतात तिथे आतून एक रेघ उमटते. कोर जरासे झिजले की त्या रेघेवर फ्लॅश येतो, आणि हवेच्या वाटेत उभी राहिलेली ती कागदाएवढी पातळ कड म्हणजेच शिट्टी. तिसरी, नोझल दोन भागांत बनवून अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने जोडायचं. यात आतल्या पात्याही मोकळेपणाने देता येतात, पण एका मोल्डचे दोन होतात आणि जोडणीचं एक काम वाढतं.

बाजारातल्या नोझल्सचा आकार बघून त्यामागे यातली कोणती वाट निवडली, ते ओळखता येतं. आतून बोट फिरवा. रेघ लागली तर दोन कोर. बाजूने आरपार सांधा दिसला तर दोन भाग. काहीच लागलं नाही आणि फट नळीपेक्षा अरुंद असेल तर एक कोर. हवेच्या दृष्टीने सर्वांत चांगला आकार कोणता, हे संगणक सांगतो. बाजारात कोणता आकार येणार, हे कोर काढायची दिशा सांगते.

दाण्याचा स्वभाव

पुढचा निर्णय प्लास्टिकचा. 114 अंशांची हवा सतत सोसायची म्हटल्यावर एबीएस बाद. ते 105 अंशांच्या आसपास मऊ पडतं. पॉलिकार्बोनेट 147 अंशांपर्यंत ताठ राहतं. नायलॉन 66 सुमारे 260 अंशांना वितळतं आणि त्यात काचतंतू घातले की उष्णतेत आकारही धरून ठेवतं. पण काचतंतू मोल्डचं पोलाद खरवडतात आणि वस्तूला वाक आणतात. शिवाय आग पकडू नये म्हणून ज्वालारोधक दर्जा हवा. भारतात केस आणि त्वचेच्या उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक 302 च्या भाग 2 मधला विभाग 23 आहे. हवा कोंडली, भाग निकामी झाला, अशा असामान्य अवस्थेतही यंत्र धोकादायक होऊ नये, अशी या मानकाच्या मालिकेची अपेक्षा असते.

प्लास्टिक थंड होताना आकसतं. नायलॉन 66 साधारण एक ते दोन टक्के. नळीवर बसणारा नोझलचा व्यास 48 मिलिमीटर असेल, तर आकुंचन अर्ध्या ते जवळपास एक मिलिमीटरचं. मोल्डवाला तेवढं माप वाढवून कापतो. पण अंदाज अर्ध्या टक्क्याने चुकला तर व्यासात पाव मिलिमीटरचा फरक पडतो. नोझल एक तर बसत नाही, नाही तर ढिलं बसतं. ढिलं बसलं आणि भोवती 0.3 मिलिमीटरची फट राहिली, तर 48 मिलिमीटर व्यासाच्या घेरावर तिचं क्षेत्रफळ भरतं 45 चौरस मिलिमीटर. म्हणजे पुढच्या फटीच्या साडेसात टक्के. तेवढी गरम हवा मागे, धरणाऱ्याच्या हातावर येते.

नायलॉनची आणखी एक खोड म्हणजे ते हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. मे महिन्यात घट्ट बसणारं नोझल जुलैत सैल वाटू शकतं. कारखान्यात तर हा ओलावा आधीच नडतो. प्लास्टिकचा ओला दाणा यंत्रात गेला की वितळताना पाण्याची वाफ होते आणि वस्तूवर चंदेरी रेघा उमटतात. म्हणून मोल्डिंग यंत्राच्या डोक्यावर हॉपर ड्रायर बसवलेला असतो. त्यात ब्लोअर आणि हीटर असतो आणि तळाशी एक उलटा शंकू. गरम हवा दाण्यांच्या ढिगात सगळीकडे सारखी पसरावी, एकाच वाटेने निसटू नये, म्हणून तो असतो. दाणा साधारण 80 अंशांना काही तास वाळल्यावरच यंत्रात उतरतो. पावसाळ्यात या टप्प्यावर घाई केली तर अख्ख्या पाळीचा माल रिजेक्शनच्या पेटीत जातो.

चुंबकाने चिकटणाऱ्या नोझलचं वेगळंच असतं. ते फिरवायला सोपं आणि झिजत नाही. पण साध्या दर्जाचं निओडिमियम चुंबक 80 अंशांच्या वर आपली ताकद गमावू लागतं. 114 अंशांच्या झोताशेजारी ते बसवायचं तर उष्णता सोसणारा दर्जा घ्यावा लागतो आणि चुंबक व गरम भिंत यांच्यामध्ये हवेची मोकळी पोकळी ठेवावी लागते. तीच पोकळी नोझलची बाहेरची भिंत हाताला सोसवेल इतकी गार ठेवते. चांगल्या नोझलला दुहेरी भिंत असते ती यासाठी.

पहिला शॉट

मोल्ड तयार झाला की ट्रायल. पहिले काही शॉट, म्हणजे मोल्डमधून निघणारे सुरुवातीचे नग, फेकायचेच असतात. मग एक वस्तू हाती येते. ऑपरेटर प्लास्टिक आत शिरतं तिथे उरलेला तुकडा, म्हणजे गेट, कटरने छाटतो, कडेवरून अंगठा फिरवतो आणि उजेडासमोर धरून आत बघतो. त्यानंतर नोझल ड्रायरवर चढतं. थंड हवा सुरू करून फटीसमोर उदबत्ती धरली की धुराची रेघ कुठे ओढली जाते, कुठे उलटी फिरते, हे डोळ्यांना दिसतं. मग गरम हवा सुरू करून फटीच्या पाच ठिकाणी थर्मोकपल लावून तापमान, आणि पंख्याच्या अ‍ॅनेमोमीटरने वेग. पाचही आकडे जवळजवळ आले तर नोझल चांगलं. दोन टोकांत 15 अंशांचा फरक आला तर पुन्हा कोरवर घासकाम.

हे सगळं मोल्ड कापण्याआधी तपासता आलं तर खर्च वाचतो, म्हणून आता नमुने थ्रीडी प्रिंटिंगने काढतात. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरसारख्या सामायिक केंद्रामुळे अशा यंत्रांपर्यंत लहान कारखान्यांनाही पोचता येतं. मात्र प्रिंटच्या रेझिनला ताप सोसत नाही, त्यामुळे नमुन्यावर चाचणी घ्यायची ती थंड हवेची. आणि थरांच्या रेघा घासून गुळगुळीत केल्याशिवाय घेतलेला आवाजाचा आकडा कामाचा नसतो.

मोटर मुठीत

2016 मध्ये डायसनने सुपरसॉनिक नावाचा ड्रायर आणला. मिनिटाला 1,10,000 फेरे घेणारी छोटी मोटर मुठीत, आणि नोझल चुंबकाने बसणारं. त्याच्या किमतीची आणि दिसण्याची चर्चा खूप झाली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं होतं ते बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान सेकंदाला अनेकदा मोजून त्याप्रमाणे हीटर आवरणं. पुढे कोणतंही तोंड लावा, कॉइल आंधळेपणाने वॉट ओतत नाही. जुन्या ड्रायरमधला मूळ दोष त्यांनी तिथे पकडला. 2018 मध्ये त्याच कंपनीच्या एअररॅपने एक पाऊल पुढे टाकलं. त्यात हवा गोल नळीच्या पृष्ठभागाला समांतर, पातळ फटींतून सोडतात. रोमानियाचे अभियंते आंरी कोआंडा यांच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम इथे कामी येतो: वक्र पृष्ठभागालगत सोडलेली हवा त्याला धरूनच वळते आणि आजूबाजूची हवा स्वतःकडे ओढते. केस त्या ओढीने आपोआप नळीभोवती गुंडाळला जातो. इथे तोंड हेच साधन झालं. ते काढलं तर उरतो नुसता पंखा.

अशा तोंडाची पहिली अट म्हणजे सर्व फटींची जाडी सारखी हवी. एक फट दशांश मिलिमीटरने रुंद झाली तरी हवा तिकडे पळते आणि केस एका बाजूने सुटतो. याचा अर्थ इथे वायुगतिकी आणि मोल्डची अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी राहतच नाहीत.

भोसरी-चाकणमध्ये या दोन्ही विद्या काही किलोमीटरच्या अंतरावर नांदतात, पण त्यांची गाठ सहसा उशिरा पडते. हवेचा माणूस आकार ठरवतो, डिझायनर त्याला रूप देतो, खरेदी खातं भाव पाडतं, आणि मोल्डवाल्याच्या हाती ड्रॉइंग येतं तेव्हा बदलायला काही उरलेलं नसतं. मग कोर निघावा म्हणून फट अरुंद होते, फट अरुंद झाली म्हणून हवा घटते, हवा घटली म्हणून ताप चढतो आणि ताप चढला म्हणून महाग दाणा लागतो. हे टाळायचं तर सुरुवात केसाच्या बाजूने करावी लागते. केसाशी किती तापमान आणि किती वेग हवा ते आधी ठरवायचं. त्यावरून फट, फटीवरून पंखा, पंख्यावरून कॉइल. आणि पहिली रेघ ओढण्याआधी कोर कुठून काढायचा, हे मोल्डवाल्याला विचारायचं.